गोमाशीची कात

पौड, १७ मार्च १९८५

बाटल्यांचे मालक युनूस यांस,

सलाम. कलकत्त्याहून धाडलेलं तुमचं पहिलं पत्र मिळालं. सुखरूप पोचलात हे त्यात एका ओळीत आहे, बाकीची चार पानं अळ्यांची. माझं नाव पाकिटावर आहे, आत कुठेच नाही. निदान पोस्टमनला तरी कळलं, या घरात मुनीरा नावाची कुणी राहते.

तुम्ही निघालात त्या सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही, हे तुमच्या अम्मींनी सगळ्या आळीत सांगितलं आहे. का आले नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, माझं डी.एड.चं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी पडून आहे. जिल्हा परिषदेत अर्ज केला, मुलाखतही झाली. तर तुम्ही म्हणालात, नेमणूक आली तर बघू, आधी माझी पीएच.डी.; आणि सहा महिन्यांसाठी तिकडच्या संग्रहालयात माश्या बघायला निघून गेलात. जाताना गोमाशीच्या अळ्यांच्या साठेक बाटल्या माझ्या गळ्यात मारल्यात.

लोकांचे नवरे परगावी जाताना बायकोला काय काय सांगून जातात. तुम्ही सांगून गेलात, एक दिवसाआड प्रत्येक बाटलीत अर्धं गांडूळ.

तर ऐका. बाटल्या जशा मांडून गेलात तशाच घोडीच्या गोठ्यालगतच्या पडवीत आहेत. एका बाटलीत एकच अळी, तुम्ही बजावलं होतं तसं. का बजावलं होतं ते मला मंगळवारी कळलं. चिखल बदलताना दोन अळ्या घटकाभर एका वाडग्यात ठेवल्या आणि पाणी आणायला गेले. परत आले तर एक अळी होती आणि दुसरीचं नुसतं कातडं होतं. उरलेली चांगली टम्म झाली होती. मला तिथेच उलटी झाली. तुम्हाला निरीक्षणं हवी होती ना? हे पहिलं.

अब्बा दारात उभे राहून बघत होते. बिजली वरातींना जाते म्हणून या घरात दोन वेळची चूल पेटते, आणि तिच्याच गोठ्याशेजारी हा प्रकार. म्हणाले, "आगं मुनीरा, लोकं कोंबड्या पाळत्यात, कबुतरं पाळत्यात. माज्या घोडीचं रगत पिणारी माशी माज्याच घरात पाळायची, ह्ये कुटलं शिक्षान म्हनायचं?"

मला त्यांचं पटलं होतं.

मुनीरा


पौड, २ एप्रिल

युनूस यांस,

तुम्ही विचारता, भिंगातून डोकं नीट दिसलं का. दिसलं. आता डोळे मिटले तरी दिसतं.

तुम्हाला क्रमाने हवं आहे, तर क्रमाने लिहिते. अळी माझ्या करंगळीएवढी लांब, दोन्ही टोकांना निमुळती. रंग पांढरा म्हणायचा, पण धुतलेल्या कपड्याचा नव्हे, पुवाचा. कातडी इतकी पातळ की आतलं सगळं हलताना दिसतं. दोन्ही कडांनी दोन चंदेरी नळ्या लांबवर गेलेल्या आहेत, त्यांतून हवा खेळते असं तुम्हीच सांगितलं होतं. शेपटीला एक नळी आहे, ती एकातून एक अशी बाहेर सरकते. तेवढं टोक पाण्यावर काढायचं आणि बाकीचं अंग चिखलात. म्हणजे नाक कुठे, तर ढुंगणाला. अम्मींना सांगितलं तर त्या तोबा तोबा करत आत गेल्या, आणि मी दिवसभर त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मागितलं नाही.

अंगाला कडी आहेत. प्रत्येक कड्याभोवती मांसाचे बारीक फोड, ते फुगतात आणि बसतात. पाय नाहीत, त्या फोडांवरच ती चालते. तळहातावर घेतली की ते फोड एकामागून एक आपल्या कातडीला धरतात आणि सोडतात. घ्यायची हौस नव्हती, पण चिमट्याने धरू नकोस, फुटेल, असं तुम्ही लिहिलं होतंत. मी काय, फुटत नाही.

आता डोकं. ते एरवी मानेच्या आत ओढलेलं असतं, बाहेरून बोथट टोक तेवढं दिसतं. गांडूळ शेजारी टाकलं की हळूच बाहेर येतं, एवढंसं, तपकिरी, ओलं. त्याला दोन काळे आकडे. मुंगीसारखे समोरासमोर मिटत नाहीत ते, दोन्ही बाजूबाजूने एकदम खाली मारते, जमिनीत टिकाव मारावा तसे. एकदा मारलं की गांडूळ सैल पडतं. आकड्याला आतून भोक आहे, विष तिथून जातं, असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे. बुधवारी ते माझ्या अंगठ्यात गेलं. अंगठा सुजला, भाकरी थापता येईना. अम्मींनी थापली आणि दर भाकरीला तुमचा उद्धार केला.

शेपटीच्या नळीच्या जरा अलीकडे, कातडीखाली, काळे ठिपके आहेत, दोन-दोनच्या जोडीने. ते कशाला हे तुम्ही लिहिलं नाहीत. तुम्हालाही माहीत नसावं. मला ते डोळे वाटतात. नसतील, पण चिखल बदलताना मी ती बाजू भिंतीकडे करते.

गांडुळं सगुणाबाईच्या उकिरड्यात मिळतात. पहिल्या दिवशी तिने विचारलं, मासे धरायला का? मी हो म्हणून बसले. आता रोज भेटली की म्हणते, "रोज मासं धरतीस आन् येक बी माज्या घरी देत न्हाईस, लई आपमतलबी हायेस." तुमच्या विद्येपायी माझी आळीत ही अब्रू झाली आहे.

अंगठा बरा आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगते.

मुनीरा


पौड, २८ एप्रिल

युनूस यांस,

आधी माझी बातमी, मग तुमच्या अळ्यांची. यावेळी क्रम मी ठरवणार.

नेमणूक आली. कोळवणची शाळा, दहा जूनला हजर व्हायचं. पोस्टमनने दारातच वाचून दाखवली. अब्बांनी त्याला बसवून चहा पाजला आणि आल्यागेल्याला "सून मास्तरीन झाली" म्हणून सांगत सुटले. मी आत जाऊन रडले. आनंदाने रडतात ते मी ऐकलं होतं, मला वाटायचं लोक उगाच सांगतात. मला जायचं आहे, युनूस. दुसरं काहीही मागत नाही. तुम्ही फक्त "जा" एवढं लिहा.

आता अळ्या. त्यांनी खाणं सोडलं आहे. पाण्यातून निघून वरच्या कोरड्या मातीत जाऊन बसतात. ती माती तुम्ही सांगितली तशी तव्यावर भाजून घातली, आत दुसरा किडा राहू नये म्हणून. भाकरीचा तवा त्या दिवशी भंगारात गेला. नवा आणला, तरी भाकरी तोंडात घातली की मला तो भाजलेल्या चिखलाचा वास येतोच.

पहिली अळी माझ्यासमोर बदलली. मानेमागे कातडं फाटलं आणि ती त्यातून आकसत, घसरत बाहेर आली. बाहेर आली ती अळी नव्हतीच. आधी मऊ, ओली, आजारी माणसाच्या जिभेसारखी. नंतर तपकिरी आणि कडक. माशी त्यावर आधीच छापलेली दिसते. डोळ्यांच्या जागी दोन फुगवटे, पंख छातीवर चिकटवलेले, पाय खाली दुमडून घेतलेले, कफनात गुंडाळल्यागत. छातीच्या दोन्ही बाजूंना कानासारखी दोन भोकं आहेत. म्हणजे ढुंगणावरचं नाक उठून आता खांद्यावर आलं. पोटाच्या प्रत्येक कड्याभोवती काट्यांची झालर, आणि अगदी टोकाला सहा काट्यांची चांदणी.

भिंग लावून बघितलं तर चांदण्या दोन तऱ्हेच्या आहेत. काहींचे सहाही काटे सारखे, काहींचे वरचे दोन आखूड. हे तुमच्या टिपणात नाही. मी लिहून ठेवते आहे, काय ते तुम्ही ठरवा.

काडी लावली तर मेलेलं वाटणारं ते पोट गरकन फिरवतं. माझ्या हातून काडी पडली. मेलेलं मेलेलं राहावं, जिवंत असेल तर तसं दिसावं. या मधल्या गोष्टीची मला जेवढी शिसारी आली तेवढी अळीचीही आली नव्हती.

"जा" एवढं लिहायला विसरू नका.

मुनीरा


पौड, १९ मे

युनूस यांस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्या नोकरीचं उत्तर शोधायला आणि एकदा खात्री करायला.

तुम्ही लिहिता, "नेमणूक या वर्षी नाकार, पुढच्या वर्षी पुन्हा येईल. कोश फुटायच्या वेळेला घरात कोणीतरी हवं." जिल्हा परिषदेच्या नेमणुका आंब्यासारख्या दर वर्षी येतात असं तुम्हाला वाटतं का? आणि घरात "कोणीतरी" म्हणजे मी. मला नाव आहे.

त्याच पत्रात पुढे केवढ्या आनंदाने लिहिलं आहे, कोशाचं वर्णन तुम्ही इंग्रजीत करून तुमच्या पीएच.डी.च्या सरांना पाठवलंत, छापलेली माशी, खांद्यावरची भोकं, दोन तऱ्हेच्या चांदण्या, आणि सरांनी कळवलं, "युनूस, तुझी नजर बारीक आहे." तुम्ही मला ही गोष्ट बक्षीस दिल्यासारखी सांगता. कुणाची नजर, युनूस? तुम्ही तर कलकत्त्यात होता. माझी नजर पोस्टाच्या पाकिटातून गेली आणि तिकडे जाऊन तुमची झाली. आणि शेवटी म्हणता, पुढच्या वेळी शिव्या आणि अलंकार कमी घाल, उतरवून घ्यायला त्रास होतो.

शिव्या कमी होणार नाहीत.

पहिल्या माश्या बाहेर आल्या आहेत. तुमचा हुकूम समजला: माशी मारायची, टाचणीला लावायची, बाटलीचा नंबर लावून पेटीत ठेवायची. कोशाची रिकामी कात मात्र बाटलीतच राहू द्यायची, "मी आल्यावर काढीन, तुझ्या हातून मोडेल." कुठली माशी कुठल्या अळीची, हे त्या कातीवरून ठरतं, नाहीतर माशी म्हणजे नुसती माशी, हेही समजलं. साठ अळ्या तळहातावर खेळवल्या त्या माझ्या हातून मोडल्या नाहीत. पण ठीक, तुमचा हुकूम.

एक माशी निसटली, तेही लिहून टाकते. सूसच्या हैबतरावांच्या मुलाचं लग्न होतं आणि बिजली दारात सजत होती. झूल घातली, कपाळावर गोंडा बांधला, आणि त्याच वेळी ती बया मानेवर बसली. घोडीच्या मानेवरून रक्ताचा ओघळ आला. वरातीत ती इतकी अस्वस्थ होती की नवरदेव दोनदा घसरला, शेवटी पायी चालला. हैबतराव अब्बांना सगळ्यांदेखत बोलले. अब्बा घरी येऊन बिजलीच्या मानेला हळद लावत बसले. तुम्ही जवळ असतात तर मी तुम्हाला काय बोलले असते ते इथे लिहीत नाही, पोस्टकार्ड नसलं तरी.

मुनीरा


पौड, २ जून

युनूस यांस,

रमजानचे रोजे चालू आहेत. अम्मी म्हणतात, तू तिकडे नीट धरतोस का ते विचार. विचारलं.

इथली गोष्ट सांगते. संध्याकाळी अजान झाली, अम्मींनी थाळीतून खजूर पुढे केला. मी तो उचलला आणि माझा हात थांबला. तपकिरी, कडक, एका टोकाला निमुळता, अंगावर आडव्या सुरकुत्या. दिवसभर तसल्याच कोशांकडे बघून आले होते. मी तो तोंडात घालू शकले नाही, पाण्यावर रोजा सोडला. अम्मींना वाटलं दिवस गेलेत. दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होत्या, मग मी खरं सांगितलं तर रुसून बसल्या. तुमच्या विद्येने माझ्या तोंडचा खजूरसुद्धा काढून घेतला आहे.

माशी बाहेर येते कशी, तेही बघितलं. कोश काट्यांच्या झालरीने मातीला रेटत वर येतो, अर्धा बाहेर उभा राहतो. मग पाठीवर उभी चीर पडते. आधी छाती, मग ते मोठे हिरवे डोळे, सगळ्यात शेवटी पोट ओढून काढते. बाहेर येते ती बुरशीसारखी फिकट आणि मऊ, पंख चुरगळलेले. बाजूला ओल्याचा एक थेंब टाकते. त्या थेंबाचा वास मी लिहिणार नाही, तुम्ही सरांना तो तुमच्या शब्दांत कळवाल. मागे कात उभीच राहते, डोळ्यांसकट, पायांसकट, शेपटीच्या चांदणीसकट. आत कुणी नाही.

मारण्याच्या औषधाच्या बाटलीत टाकल्यावर ती तळाशी भणभणते. ते संपेपर्यंत मी कान झाकून बसते. पुष्कळ माश्या पेटीत गेल्या, थोडेसेच कोश आता उरले आहेत.

दहा तारखेचं काय ठरवलंस, असं विचारलंत. इथे सगळं ठीक आहे. कोशांना खायला लागत नाही, त्यामुळे काम कमी झालं आहे.

मुनीरा


पौड, २२ जून

युनूस,

काल ईद झाली. मुबारक.

आज सगळं सांगायचं ठरवलं आहे, म्हणून थेट लिहिते. मी दहा जूनला कोळवणला जाऊन हजर झाले. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळच्या एसटीने येते. अब्बांनी पहिल्या दिवशी स्टँडवर सोडलं. मागच्या पत्रात मी तुमच्या प्रश्नाला बगल दिली, ती मुद्दाम दिली. विचारून परवानगी मिळाली नव्हती, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट. बुधवारी मी शाळेत होते आणि अम्मींनी ईदची साफसफाई काढली. घर सारवलं, भांडी घासली, पडदे धुतले. आणि पडवीतल्या सगळ्या बाटल्या भिंतीपलीकडे उपड्या करून, राखेने घासून, उन्हात पालथ्या घातल्या. मी घरी आले तर बाटल्या ओळीने चकाकत होत्या.

अम्मींना काही कळेना. म्हणाल्या, "माश्या उडून पेटीत गेल्या, म्हंजी बाटल्या रिकाम्या झाल्या न्हाईत व्हय? शिरखुर्म्याला मान्सं यायची, आन् दारात चिखलाच्या बाटल्या? मला वाटलं तू शाळंतनं दमून येतीस, तुजं काम हलकं करावं." माशी गेल्यावर आत फक्त घाण राहते असं कुणीही समजेल. मीसुद्धा तुम्ही सांगेपर्यंत तसंच समजत होते.

त्या चिखलावर रात्रभर पाऊस पडून गेला होता. मी पिठाची जुनी चाळणी घेतली आणि गुरुवारची सुट्टी टाकून तो चाळला. शेण, राख, केस आणि कुजक्या गांडुळांचा तो लगदा बोटांनी चिवडताना रोजा होता, थुंकीही गिळता येत नव्हती. ओंजळभर काती मिळाल्या, बऱ्याचशा अख्ख्या. पण कुठली कात कुठल्या बाटलीतली हे आता अल्लालाच माहीत. राहिलेले कोश ठेचले गेले. पेटीतल्या माश्या शाबूत आहेत, नंबरासकट. नंबर ज्याचा, ती गोष्ट मात्र उरली नाही.

मला वाईट वाटतं, हे खरं. तुमची तीन वर्षं आहेत त्यात, आणि माझे चार महिने. अम्मींना रागावू नका. त्यांना मी अजून पुरतं सांगितलेलंही नाही. रागवायचं तर मला रागवा, आणि रागावताना हेही आठवा की काती बाटलीत ठेवायला कुणी सांगितलं होतं.

मुनीरा


कोळवण, १४ जुलै

युनूस,

पत्ता बदलला आहे. पावसात ओढा चढला की एसटी वाटेतच थांबते, म्हणून शाळेजवळ चंद्राबाईंची खोली घेतली. अब्बा स्वतः ट्रंक घेऊन सोडायला आले होते. शनिवारी मी पौडला जाते, तुमच्या आईवडिलांना टाकून आलेली नाही.

तुमचं पत्र पौडहून फिरून मिळालं. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही लिहिलंत, "झालं ते झालं. ज्या काती चाळून काढल्यास त्या एकेका माशीखाली एकेक टोचून दे. नंबर मी घालीन. सरांना फरक कळणार नाही, आणि पौडला येऊन बघणार कोण? नाहीतर माझी तीन वर्षं फुकट, आणि ती तुझ्या नोकरीमुळे."

वाचून मी उठले आणि लाल साबणाने हात धुतले. अळ्या चिवडल्यावर धुवायची तसेच, नखांत काडी घालून. युनूस, तुमच्या अळ्यांनी माझ्या अंगठ्यात दात मारला, एकमेकींना खाल्लं, माझ्या जेवणात आणि रोज्यात घाण कालवली. तरी त्यांची किळस आली ती अंगावर आली. ही आत गेली आहे. मला तुमची किळस आली. नवऱ्याबद्दल असं लिहू नये हे मला माहीत आहे, पण आली.

सरांना फरक कळणार नाही. मला कळतो. ज्या माशीची कात सहा सारख्या काट्यांची, तिच्याखाली आखूड काट्यांची लागली तर ती माझ्याकडे बघून हसेल असं मला वाटतं. तुम्ही त्या चांदण्या कधी बघितल्याच नाहीत. तुम्ही त्यांचं इंग्रजी तेवढं केलंत.

मागच्या शनिवारी मी ते पत्र अब्बांना वाचून दाखवलं. वाचू नये असं वाटलं होतं, मग वाटलं, मुलगा त्यांचाही आहे. बिजलीला खरारा करता करता त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाजारात घोड्याचं दात कानशीनं घासून वय कमी सांगणारं व्यापारी म्या लई बगितलं. आपल्या घरात न्हवता कुनी." आणि पुन्हा खरारा करायला लागले. त्यांचे डोळे भरले होते. हे तुम्हाला दुखावायला लिहीत नाही, घडलं म्हणून लिहिते.

इथे लावणी चालू आहे. चंद्राबाई चिखलातून आल्या की पाय दाखवतात, "ह्ये बग, दर साली कायतरी डसतंया, आग आग व्हतीया." मी त्यांना सांगितलं काय डसतं ते, आकडे कसे आहेत, नाक कुठे आहे, सगळं. त्यांनी तोंडावर पदर घेतला. "शी! आन् तू ती पाळलीस?" मी म्हटलं, पाळली. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी चार बायका घेऊन आल्या, पुन्हा सांग म्हणाल्या.

आता कामाचं. सोबतचं पार्सल जपून उघडा. पेटीतल्या सगळ्या माश्या आहेत, आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी, "कात नाही, अळी माहीत नाही." चाळून काढलेल्या काती वेगळ्या डबीत आहेत, दोन तऱ्हा वेगळ्या करून. त्या कुणाच्याही नाहीत. यावर सरांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. खरं सांगितलंत तर मी तुमच्याबरोबर त्यांच्यासमोर उभी राहीन आणि अम्मींनी बाटल्या का धुतल्या तेही सांगेन. दुसरं काही सांगितलंत तर मला विचारायला आलेल्या माणसाला मी खोटं सांगणार नाही.

कापसात गुंडाळलेली एक जोडी तेवढी वेगळी आहे. माशी बाहेर येताना मी समोर बसले होते, तेव्हाची. तुमचा हुकूम मोडून कात त्याच क्षणी बाटलीतून काढली होती. मोडली नाही. चांदणीचे वरचे दोन काटे आखूड आहेत, भिंगातून बघा. माशी, कात आणि अळीचं फाटलेलं कातडं, तिन्ही एकाच टाचणीला आहेत. एवढी एकच खरी आहे, आणि ती मी तुम्हाला देते आहे. अनेक खोट्यांपेक्षा एवढ्यावर काही लिहिता येत असेल तर लिहा. येत नसेल तर पुढच्या फाल्गुनात कासारसाईच्या धरणाच्या काठाला अळ्यांचा चिखल असतोच. यावेळी तुम्ही स्वतः हात घाला.

टाचणीच्या चिठ्ठीवर जागा फार थोडी असते, हे तुम्हीच शिकवलंत. गाव, तारीख आणि पाळणाऱ्याचं नाव, एवढंच मावतं. गाव पौड लिहिलं आहे. तारीख खरी लिहिली आहे. नाव माझं लिहिलं आहे. ते खोडायचं असेल तर तुम्ही तुमच्या हाताने खोडा.

मुनीरा